बीपीत पहिला नंबर

दवाखान्याच्या दिवशी मी इस्त्रीचा शर्ट घालतो. दोन दिवस आधीपासून पापड-लोणच्याला हात लावत नाही, आणि त्या सकाळी सुनेशी वाद घालत नाही. तब्येतीसाठी नव्हे हो! जन्मभर लाल पेनानं पोरांना गुण दिले; आता महिन्याला एकदा मला बीपीचे गुण मिळतात. ते बाकावरच्या पाटलांपेक्षा बरे यावेत, एवढीच इच्छा. १३०-८० आलं की मी मुद्दाम मोठ्यानं विचारतो, "किती म्हणलात डॉक्टरसाहेब?"

राणीसावरगावात म्हाताऱ्यांची हजेरी दोनच ठिकाणी चुकत नाही: रेणुकामातेच्या देवळात आणि या दवाखान्यात. देवीपुढं मागणं मनातल्या मनात मागावं लागतं. इथं मोठ्यानं सांगता येतं.

आता डॉक्टरांच्या गळ्यातल्या स्टेथोस्कोपबद्दल. हा विषय निघाला की सून भाजी निवडायला उठते. तुम्ही तरी बसा. १८१६ साली पॅरिसात लेनेक नावाच्या डॉक्टरपुढं एक अंगानं भरलेली तरुणी आली. तिच्या छातीला कान लावायचा संकोच वाटला, म्हणून त्यानं कागदाची सुरळी केली, एक टोक तिच्या छातीला लावलं, दुसरं स्वतःच्या कानाला. ठोके आधीपेक्षा स्पष्ट! मग लाकडाची नळी आली. दोन्ही कानांची त्याच्या मागून. लोकांच्या छातीतला क्षय ऐकणारा हा माणूस १८२६ साली क्षयानंच गेला. म्हणजे बघा, हे यंत्र मुळात लाजेपोटी जन्मलं, पण जन्मलं ते ऐकण्यासाठी.

गेल्या साली मुलानं शहरातल्या मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी संगणकाकडं बघत विचारलं, "काय होतंय बाबा?" मी घसा खाकरेपर्यंत पुढचा प्रश्न आला, "रिपोर्ट आणलेत?" १९८४ साली अमेरिकेत कुणी मोजलं होतं म्हणे: डॉक्टर सरासरी १८ सेकंदांत पेशंटचं बोलणं तोडतात. १८ सेकंदांत माझा गुडघा सुरूसुद्धा होत नाही. त्याची कथा पोळ्याला बैल धुताना पाय घसरला, तिथून निघते.

जनाबाई आमच्या गंगाखेडची. तिच्या जात्याला विठ्ठलानं हात लावला म्हणतात. डॉक्टरांनी आमचं दळण दळावं असं कोण म्हणतंय? जात्यापाशी दोन घटका बसले तरी पुष्कळ.

आमचे बसतात. ही गेली त्या महिन्यात मी चुरगळलेल्या शर्टात गेलो होतो. त्यांनी बीपीचं यंत्र काढलंच नाही. मनगट धरून बसले. बऱ्याच वेळानं म्हणाले, "गुरुजी, रात्रीचं जेवता का?" बाहेर दहा-बारा माणसं खोळंबली होती. कुणी दार वाजवलं नाही. तेरा दिवस पाहुण्यांनी घर भरलेलं होतं, पण हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता.

परवा बीपी १६०-९५ आलं. पाटलांनी मान लांब केली. डॉक्टरांनी आकडा मुकाट्यानं केसपेपरवर लिहिला, कागद माझ्याकडं वळवला आणि मोठ्यानं म्हणाले, "शर्ट झकास आहे गुरुजी!"

त्या रात्रीपासून पापड बंद. या खेपेला खरोखरच.