फॉग लाइट: उपयोग आणि उपभोग

फॉग लाइट म्हणजे मोटारीच्या पुढच्या बंपरात, हेडलाइटच्या बऱ्याच खाली बसवलेली दिव्यांची जोडी. युरोपातल्या नियमांनुसार प्रवासी मोटारीत हा दिवा जमिनीपासून किमान 250 मिलिमीटर उंचीवर असावा आणि 800 मिलिमीटरच्या वर जाऊ नये. भारतीय प्रथेनुसार तो टॉप मॉडेलमध्ये असावा. खालच्या मॉडेलात बहुधा त्याच जागी काळ्या प्लॅस्टिकचे झाकण बसवून मिळते, आणि सोसायटीच्या पार्किंगमध्ये कोणी किती पैसे वाचवले हे त्या झाकणावरून सर्वांना कळते. या झाकणाने मालकाच्या मनाला जी बोच लागते, तिच्यावर ॲक्सेसरीजच्या दुकानांचा चांगला धंदा चालतो.

दिवा खाली बसवण्यामागे कारण आहे. धुके म्हणजे हवेत तरंगणारे पाण्याचे बारीक थेंब. अप्पर लावला की उजेड त्या थेंबांवर आदळून उलट चालकाच्याच डोळ्यांत येतो आणि काचेपुढे पांढरी भिंत उभी राहते. फॉग लाइटचा झोत रुंद, चपटा आणि वरच्या बाजूने कापल्यासारखा असतो. तो रस्त्याला लगटून जातो, त्यामुळे नजरेच्या रेषेत परतणारा उजेड कमी होतो आणि कडेचा पांढरा पट्टा, कठडा, चुन्याने रंगवलेला दगड एवढे दिसू लागते. लांबचे तो काही दाखवत नाही, तसा त्याचा दावाही नाही. दुकानदाराचा असतो.

पिवळा उजेड धुके भेदून जातो, हा त्यातलाच एक दावा. धुक्याचे थेंब प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा इतके मोठे असतात की ते सगळे रंग जवळपास सारखेच विखुरतात. धुके पांढरे दिसते ते याचमुळे. तरीही काचेवर पिवळी फिल्म चिकटवून घेतल्यास चालकाचा आत्मविश्वास वाढतो, आणि घाटात त्याचीच टंचाई कधी नसते.

आता दिवा लावायचा केव्हा. हवामानशास्त्रात दृश्यता एक किलोमीटरच्या खाली गेली की धुके म्हणतात, 200 मीटरच्या खाली दाट आणि 50 मीटरच्या खाली अतिदाट. ब्रिटनमध्ये साधारण 100 मीटरपलीकडचे दिसेनासे झाले, तरच फॉग लाइट लावायला मुभा आहे आणि दिसू लागताच ते बंद करावे लागतात. जर्मनीत मागचा फॉग लाइट 50 मीटरच्या आतल्या धुक्यातच लावता येतो, आणि तेव्हा वेगही ताशी 50 किलोमीटरच्या वर नेता येत नाही. अंतर कळावे म्हणून तिथे रस्त्याकडेला साधारण दर 50 मीटरवर खांब रोवलेले असतात. एक खांब दिसला आणि पुढचा दिसला नाही, की दिवा लावायचा.

महाराष्ट्रात एवढी मोजमापे करावी लागत नाहीत. निरभ्र आकाश, रात्रीचे आठ, पुण्यातला जंगली महाराज रस्ता आणि दोन्ही बाजूंना उजळलेली दुकाने, एवढी परिस्थिती पुरेशी मानली जाते. याखेरीज नव्या गाडीचा पहिला महिना, लग्नाची वरात आणि उमेदवाराच्या मागची गाड्यांची रांग हे योग आहेत. समोरच्याने अप्पर लावल्यास त्याची जिरवण्यासाठीही फॉग लाइटचा वापर होतो. मुसळधार पाऊस हा मात्र खरोखरच फसवा प्रसंग. ओल्या डांबरावरून हा खालचा झोत परावर्तित होऊन समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातो, म्हणून धुके नसेल तर पावसात तो नको.

खरे धुकेही महाराष्ट्रात भरपूर मिळते. पावसाळ्यात समुद्राकडून आलेली ओली हवा सह्याद्रीला अडून वर चढते, थंड होते आणि आंबोली, आंबेनळी, ताम्हिणी, माळशेज, खंडाळा इथे ढगच रस्त्यावर उतरतात. हिवाळ्यात पहाटे नदीकाठी आणि उसाच्या फडांलगत जमिनीजवळची हवा निवून धुके साचते. अशा वेळी हेडलाइट डिपरवर आणि जोडीला फॉग लाइट, एवढाच पाठ आहे. प्रत्यक्षात या प्रसंगी फॉग लाइटला विश्रांती देऊन अप्पर आणि चारी इंडिकेटर लावले जातात. चारी इंडिकेटर लुकलुकणारी गाडी उभी आहे की चालली आहे, हे मागच्याला कळत नाही. ती डावीकडे वळणार की उजवीकडे, हेही नाही. मागचा मग आपलेही चारी लावतो.

वेगाबद्दल दिवा काहीच करू शकत नाही. ताशी 80 किलोमीटरने गाडी एका सेकंदात 22 मीटर जाते. कोरड्या रस्त्यावर त्या वेगातून थांबायला, चालक दचकण्याचा वेळ धरून, 50 मीटरहून थोडे जास्तच लागतात. समोरचे 50 मीटर दिसत असतील तर अडलेला ट्रक दिसतो नक्की, फक्त शेवटचे दोन-तीन मीटर ट्रकच्या आत काढावे लागतात.

राहिला मागचा फॉग लाइट. तो लाल असतो, आणि एकच असला तर डावीकडून गाड्या चालवणाऱ्या देशांत उजव्या अंगाला. युरोपीय नियमांत त्याची तीव्रता 150 ते 300 कँडेला ठरली आहे. साध्या टेललाइटला किमान 4 पुरतात. म्हणजे फरक कितीतरी पटींचा. ब्रेकचा दिवा त्यात हरवू नये म्हणून दोघांमध्ये 100 मिलिमीटरहून जास्त अंतर ठेवतात. मागे गाड्यांची रांग लागली, की पहिल्याने दिवा पाहिलेला असतो आणि त्याचे काम संपते. तिथे तो बंद करावा. डॅशबोर्डवर पुढच्या फॉग लाइटची खूण हिरवी असते, मागच्याची पिवळसर. हा भेद गाडीच्या पुस्तिकेत छापलेला असतो, आणि पुस्तिका डॅशबोर्डच्या खणात, प्लॅस्टिकच्या पिशवीत, पुढच्या मालकासाठी जपलेली असते. त्यामुळे खंडाळ्यात चुकून लागलेला लाल दिवा धुके कधीच मागे पडले तरी कोल्हापूरपर्यंत जळत राहतो. मागून कोणी कळवळून अप्पर-डिपर केलेच, तर चालक खिडकीतून हात बाहेर काढतो आणि त्याला पुढे जायची परवानगी देतो.