इशारा पातळी

सांगलीत जून ते सप्टेंबर कोणी कोणाची ख्यालीखुशाली विचारत नाही. रस्त्यात गाठ पडली की पहिला प्रश्न, "आयर्विनला किती?" समोरचा "बावीस" म्हणतो, दोघांचे चेहरे सैल होतात आणि मग पोराबाळांची चौकशी. बाहेरगावच्या पाहुण्याला वाटावं, आयर्विन नावाचं कोणी म्हातारं अंथरुणाला खिळलंय आणि अख्खं गाव त्याचा ताप मोजतंय. कृष्णेवरच्या, १९२९ साली खुल्या झालेल्या या पुलाशी पाण्याची उंची फुटांत मोजतात. ४० ला इशारा पातळी, ४५ ला धोका पातळी. इथल्या पोराला सतराचा पाढा येईलच असं नाही, पण हे दोन आकडे झोपेतही विचारावेत.

आमचे नाना, म्हणजे माझे सासरे, या प्रश्नाला उत्तर देण्यासाठीच जन्माला आलेत. उभी नोकरी त्यांनी पाटबंधारे खात्यात काढली. कोणाला वाटेल धरणावर असतील, रात्रीअपरात्री दारं उघडत असतील. तसं काही नाही. नाना लेखा शाखेत होते. पाण्याशी त्यांचा थेट संबंध ऑफिसातल्या माठापुरता. पण निवृत्त होऊन जमाना झाला तरी बोलताना 'आम्ही' सुटत नाही. "काल रात्री आम्ही कोयनेतून वीस हजारानं सोडलं," असं ते चहाच्या कपावर फुंकर घालत सांगतात, आणि आईंचं, म्हणजे माझ्या सासूबाईंचं, त्यावर ठरलेलं असतं, "मग आता जरा झोपा. दमला असाल."

पेपर आला की पहिलं पान, अग्रलेख, निधनवार्ता हे सगळं मागून. आधी धरणसाठ्याची चौकट. ती मोठ्यानं वाचली जाते, कारण नानांच्या मते ती सगळ्यांच्या घरची गोष्ट आहे. कोयनेची क्षमता १०५.२५ टीएमसी. त्यातला तो पाव टीएमसी कोणी बोलताना गाळला तर ते दुरुस्त करतात. "पाव म्हणजे सातशे कोटी लिटर होतं, सूनबाई. टाकून द्यायला ते काय मेथीचे देठ आहेत?"

हे माप पुढे घरात शिरतं. माझा नवरा नळ सोडून दाढी करत असला की दाराबाहेरून निवेदन येतं, "बेसिनमधून विसर्ग चालू आहे. शून्य दशांश शून्य शून्य सात क्युसेक्स." मी एकदा कागद घेऊन पडताळा केला. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला अठ्ठावीस लिटरच्या वर पाणी, आणि आमचा नळ मिनिटाला बारा लिटर ओततो. नाना बरोबर निघाले. हीच तर पंचाईत आहे. चुकणाऱ्या माणसाला गप्प बसवता येतं.

बाकीचे लोक बातमी वाचतात. नाना बातमीची अंमलबजावणी करतात. प्रत्येक बातमीच्या खाली 'माहितीसाठी व योग्य त्या कार्यवाहीसाठी' असं लिहिलेलं असतं आणि ते फक्त त्यांनाच दिसतं. ही जात एकट्या आमच्या घरात नाही, प्रत्येक गल्लीत एकतरी नग असतोच. कुठे पेट्रोलचे भाव म्हणून पंखा बंद करणारे काका असतात, कुठे परदेशात निवडणूक लागली की इकडं किराणा भरून ठेवणारे. पण त्यांची कार्यवाही लहर लागेल तशी. नानांची आवक-जावक नोंदवहीतून चालते.

रेपो दराचंच घ्या. २०२५ च्या फेब्रुवारीपासून डिसेंबरपर्यंत रिझर्व्ह बँकेनं तो साडेसहावरून सव्वापाचावर आणला. आमच्या घरी एकाच टेबलावर या बातमीचे दोन अर्थ झाले. माझ्या नवऱ्यानं घरासाठी कर्ज काढलंय, तो खूश. नानांच्या ठेवींची मुदत नेमकी तेव्हाच संपत होती, ते गंभीर. दोन दिवस विचार करून त्यांनी रविवारी पोह्यांच्या वेळी प्रस्ताव मांडला : सरकारनं माझं व्याज कापून तुझ्या खिशात घातलंय, तेव्हा मधला फरक तू घरखर्चात जमा करावास. नवरा म्हणाला, "नाना, हप्ता कुठे कमी झालाय? हप्ता तेवढाच आहे, बँकेनं मुदत कमी केली." नानांनी बराच वेळ बशीकडं पाहिलं. "म्हणजे तुझा फायदा २०४० साली होणार आणि माझं नुकसान या महिन्यात?" यावर आमच्यापैकी कोणाकडं उत्तर नव्हतं. रिझर्व्ह बँकेकडं असेल तर त्यांनी कळवावं.

त्याच वर्षी जीएसटीचे दर उतरले तेव्हा तर घटस्थापना होती, २२ सप्टेंबर. आई घट बसवत होत्या आणि नाना कात्रण खिशात घालून दुकानात. साबण, टूथपेस्ट, केसांचं तेल १८ वरून ५ वर. तूप-लोणी १२ वरून ५ वर. पुड्यावर किंमत जुनीच छापलेली. दुकानदार नवा दर लावायला तयार होता, पण त्यानं सरळ तेरा टक्के वजा केले. नानांनी त्याला थांबवलं. "तसं नसतं. एकशे अठराची वस्तू एकशे पाचला यायला पाहिजे. ती काही तेरा टक्के सूट होत नाही, अकरा टक्के होते. तू मला जास्त सूट देतोयस." मागं सणाची रांग लागलेली, आणि गिऱ्हाईक स्वतःच्या विरुद्ध हिशेब समजावतंय. दुकानदारानं म्हणे हात जोडले. आईंनी घटापुढं जोडलेले हात सोडून कपाळाला लावले.

पण नानांचं सगळ्यात जुनं प्रकरण प्रलंबित आहे ते सोन्याचं. आईंना पाटल्या करायच्या होत्या. २०१९ साली सोनं तोळ्याला चाळीस हजाराच्या आत होतं तेव्हा नाना म्हणाले, "थांब. भाव फुगलाय. उतरेल." त्यांनी कारणंही दिली, जागतिक वगैरे. पुढं दर वर्षी अक्षय्य तृतीयेला आई नुसतं बघायच्या आणि नाना पेपरमागून म्हणायचे, "उतरतंय, उतरतंय." २०२५ च्या एप्रिलमध्ये लाखाची बातमी आली त्या दिवशी घरात पेपर कोणी मोठ्यानं वाचला नाही. आई एवढंच म्हणाल्या, "तुमचं धरण दर वर्षी भरतं." स्वयंपाकघरातली भांडी नेहमीपेक्षा जोरात वाजत होती. नाना हळूच मला म्हणाले, "चाळीसच्या वर गेलंय. आज बाहेर पडू नकोस." सोनं नव्हे, आईंची पातळी.

माझी गोष्ट वेगळी. या घरात माझ्यावर जन्मजात आरोप आहे. माझं माहेर विजापूरचं. तिकडं मराठी बोलणारी घरं पुष्कळ, त्यातलंच आमचं एक. पण नानांच्या नकाशावर विजापूर म्हणजे अलमट्टी धरण, आणि अलमट्टी म्हणजे सांगलीच्या पुराचं मूळ. लग्न ठरताना पत्रिका जुळली होती, कृष्णेच्या पाण्याचा मुद्दा कोणी काढला नव्हता. आता दर जुलैत निघतो. "सूनबाई, तुमच्या अलमट्टीत पाणी अडवलंय. माहेरी कळवा." मी काय कळवणार? माझे बाबा निवृत्त शिक्षक. पण नाना स्वतःच फोन लावतात.

"मास्तर, दारं किती उघडलीत?"

अलमट्टीला २६ दारं आहेत हे बाबांना सोयरीक झाल्यावर कळलं. ते शांतपणे सांगतात, "नानासाहेब, आमच्या घराला दोनच दारं. दोन्ही उघडी आहेत. या की जेवायला."

नानांना यात विनोद दिसत नाही. अलमट्टीची पाणीपातळी ५१९.६० मीटरवरून ५२४.२५६ मीटरवर न्यायचा कर्नाटकाचा बेत आहे. त्या तीन दशांश स्थळांसकट तो आकडा नानांना पाठ आहे. मीटरचे फूट करून ते बाबांना ऐकवतात, "पंधरा फूट, मास्तर! पंधरा!" बाबांचं म्हणणं, "तुमच्याकडं जास्त झालंय म्हणून ओरडता, आमच्या गल्लीत टँकर येतोय. थोडं आमच्या नळाला सोडा की." २०१९ च्या महापुरानंतर नेमलेल्या वडनेरे समितीनं पुराचं खापर अलमट्टीवर फोडलं नाही. त्या दिवसापासून नानांचा समित्यांवरचा विश्वास उडाला आणि माझ्या बाबांचा बसला. आंतरराज्य तंटा म्हणजे काय, हे लोकांना लवादाचे निवाडे वाचून कळतं. मला ते दिवाळसणाला पंगतीत कळलं. दोघे शेजारी बसले होते, आणि मधली ताकाची वाटी नक्की कोणाची यावरून गप्प होते.

आता जरा नानांच्या बाजूनं. आमचं घर नदीच्या अंगाला, जुनं, माडी असलेलं. सोप्यातल्या भिंतीवर तीन आडव्या रेघा आहेत. खालची २००५ ची. ती नानांनी पूर ओसरल्यावर ओल वाळायच्या आत पेन्सिलीनं ओढली आणि खाली तारीख, सही केली. पुढं चौदा वर्षं आल्यागेल्याला ती दाखवून "याच्यावर पाणी जाणार नाही" असं ते छातीठोक सांगत. २०१९ च्या ऑगस्टात आयर्विनला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, आमच्या भिंतीवरची सहीही बुडाली. बोटीतून आम्हाला काढलं तेव्हा बायामाणसं रडत होती. नाना मांडीवर प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली कात्रणांची फाइल घेऊन बसले होते आणि वल्हं मारणाऱ्या जवानाला विचारत होते, "इथं ओढ किती असेल हो, अंदाजे?" परत आल्यावर त्यांनी स्टुलावर चढून वरची रेघ ओढली. सही केली नाही.

मधली रेघ २०२१ ची. तिच्याबद्दल मात्र गल्ली आजही नानांना मान देते. त्या जुलैत पेपरात महाबळेश्वरला चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस अशी बातमी आली. आम्ही "बाप रे" म्हणून पुढचं पान उलटलं. नानांनी पेपर घडी घालून काखेत मारला, दारोदार गेले आणि म्हणाले, "तिथलं पाणी इथं यायचंय. सामान वर न्या." वर ऊन नव्हतं, पण पाऊसही काही फार नव्हता. दोन-चार घरांनी हसून दार लावलं. आमच्या घरी नोंदवहीतला क्रम लागू झाला : आधी गॅसचा सिलिंडर, मग धान्याचे डबे, मग फ्रिज, मग गाद्या. त्या सगळ्याच्याही आधी फाइल. आई जिन्यात थांबून म्हणाल्या, "पाटल्या केल्या नाहीत ते एक बरं. न्यायला कमी." नानांनी ते टोमण्यात धरलं नाही, नियोजनात धरलं. पाणी सोप्यात शिरलं तेव्हा खाली फक्त एक मोडका स्टूल होता. हसणाऱ्यांपैकी एकाचा फ्रिज त्या वर्षी गेला, आणि आता पावसाळ्यात रात्री अकरालाही नानांना त्यांचाच फोन येतो.

रंगारी गेल्या दिवाळीआधी आला होता. रेघांचं काय करायचं म्हणाला. नवरा म्हणाला, मारा रंग. नातू म्हणाला, फोटो काढून ठेवू. नानांनी काही न बोलता रंगाऱ्याला चहा दिला, आणि भिंत दोन हात रुंद पट्टा सोडून रंगली. पाहुणे विचारतात, रंग संपला का. आम्ही हो म्हणतो.

माझं मत विचाराल तर असा माणूस घरात असावा. ताप असतो, पण असावा. आपण सकाळपासून रात्रीपर्यंत बातम्या चाळतो, हळहळतो आणि पुढं सरकतो. गल्लीतली दारं वाजवत जाणारा एखादाच. तुमच्याकडं असा कोणी असेल तर त्याच्या हातातला पेपर ओढू नका. फक्त सोन्याच्या भावाचं पान तेवढं आधीच काढून ठेवत जा.