गुत्तेदाराचं गुपित

शेराच्या कुंपणाच्या अलीकडं तात्या, पलीकडं वहिनी. तात्यांची सारी नोकरी पाटबंधाऱ्याच्या फायलींत गेली. वहिनींना वाचता येतं, पण त्यांना पेपर वाचण्यापेक्षा तात्यांकडून ऐकायला आवडतो. परंड्यात उन्हं कलली की या दोघांची बैठक बसते. मी आपली मधल्या गल्लीत तुरी निवडत कान देऊन असते.

"तात्या, एवढं काय वाचताय? चष्मा पार नाकाच्या शेंड्यावर आलाय."

"निविदा सूचना."

"आता ह्या वयात गुत्तेदारी करता का काय?"

"तसं नाही वहिनी. म्हातारी माणसं पोथी वाचतात, मी टेंडर वाचतो. जितकं काम मोठं, तितकं अक्षर बारीक."

"मग माझ्या माहेरच्या रस्त्याचं कुठं आलं हुतं ते सांगा. रस्ता झाला कवा, उखडला कवा, कुणाला पत्त्या न्हाई. भाऊ म्हनतोय, कागदावर दोन बारी झालाय."

"आलं असेल की. ज्या पेपराचा एकही अंक तुमच्या गावात येत नाही, त्या पेपरात आलं असेल."

"म्हंजे चोरून?"

"चोरून कशाला? अगदी नियमानं. जाहिरात द्या म्हणतो नियम, दिली. मोठं काम असलं की ई-निविदा काढावी लागते, म्हणून कामाचे तुकडे पाडायचे. एकाच रस्त्याची चार कामं. स्पर्धा पाहिजे म्हणतो नियम, तर तीन निविदा येतात. एक गुत्तेदाराची, एक मेहुण्याची आणि एक ट्रॅक्टरच्या ड्रायव्हरची. त्या ड्रायव्हरला आपण निविदा भरली हे माहीतसुद्धा नसतं."

वहिनी खळाळून हसल्या. "लई हुशार लोकं. मग हे पेपरात कसं येतं वो?"

"आतला माणूस कागद बाहेर देतो तेव्हा. नुसत्या बोलण्यावर बातमी होत नाही, कागद लागतो. तुम्हाला सिमेंटचं परमिट आठवतं का?"

"न आठवाया काय झालं! पायाभरणीला चार गोण्या मिळाव्या म्हनून ह्यांनी तहसिलात चपला झिजवल्या. शेवटी मातीतच रचल्या भिंती."

"त्याच काळात मुंबईत बिल्डरांना सिमेंट मिळत होतं. ३१ ऑगस्ट १९८१ ला 'इंडियन एक्स्प्रेस'मध्ये अरुण शौरींनी छापलं की मुख्यमंत्री अंतुल्यांनी इंदिरा गांधींच्या नावानं प्रतिष्ठान काढलंय, त्याला बिल्डर देणग्या देतात आणि देणगी देणाऱ्याला सिमेंटचा कोटा मिळतो. मोघम नाही, नावानिशी. मग विरोधी पक्षातले प. बा. सामंत हायकोर्टात गेले. जानेवारी १९८२ मध्ये न्यायमूर्ती लेंटिन यांनी निकाल दिला की देणगीचा आणि सिमेंटचा संबंध आहे. अंतुल्यांना खुर्ची सोडावी लागली."

"अंतुले म्हंजे निराधाराचा पगार चालू केला त्येच न्हवं?"

"तेच. संजय गांधी निराधार योजना १९८० ची, त्यांच्याच कारकिर्दीतली."

"बघा! आमच्या सासूबाई मरस्तोवर त्येंचं नाव काढायच्या. आता त्येंला वाईट कसं म्हनावं?"

"म्हणू नका. पगार दिला त्याबद्दल चांगलं म्हणा आणि सिमेंटाबद्दल हिशेब विचारा. आपल्याकडं ही दोन्ही कामं एका तोंडानं होत नाहीत, तिथंच घोळ आहे. आणि एक गोष्ट झाली. अंतुल्यांची खुर्ची गेली त्याच वर्षी सरकारनं सिमेंटवरचं नियंत्रण सैल केलं, पुढं १९८९ ला पुरतंच काढलं. आज तुम्ही दुकानात जाऊन पाहिजे तेवढ्या गोण्या आणता. ज्या परमिटात खायला जागा होती, ते परमिटच गेलं."

"आन् अंतुल्यांवरच्या फौजदारी खटल्याचं काय झालं?"

"तो वर्षानुवर्षं दिल्लीपर्यंत हेलपाटे घालत बसला. १९८८ मध्ये सुप्रीम कोर्टानं स्वतःचाच आधीचा आदेश मागं घेतला. अंतुले पुढं केंद्रात मंत्रीही झाले."

"म्हंजे शेवटी कायच न्हाई."

"खुर्ची गेली, हे काहीच नाही का?"

वहिनींना पटलं नाही. त्यांनी मुद्दा पाण्यावर आणला. परंड्यात कुठलाही वाद शेवटी पाण्यावरच येतो.

"आपल्या सीना-कोळेगावचं बोला. धरान आपल्या तालुक्यात, पान्याची वाट बघायची आपन. पैसा कुठं मुरतो?"

तात्या सावरून बसले. हा त्यांच्या खात्याचा विषय.

"हे बघा. धरण मंजूर होताना एक किंमत असते. मग सुप्रमा येते, सुधारित प्रशासकीय मान्यता. दर वाढले, भूसंपादन वाढलं, आराखडा बदलला, अशी कारणं लिहून किंमत वर सरकते. काही कारणं खरी असतात, बरं का. जमिनीचा मोबदला खरंच वाढतो. पण विदर्भात २००९ साली निवडणुकीच्या तोंडावर ३८ प्रकल्पांची किंमत सात महिन्यांत ६,६७२ कोटींवरून २६,७२२ कोटींवर गेली. सात महिन्यांत चौपट! दर एवढे कुठं वाढतात?"

"आन् हे कुनाला कळलंच न्हाई?"

"ज्यांना कळायला पाहिजे त्यांच्या सह्या होत्या. पेपरात आलं तेव्हा लोकांना कळलं. मग २०१२ साली सरकारच्याच आर्थिक पाहणीत आलं की दहा वर्षांत सिंचनाखालचं क्षेत्र १७.८ टक्क्यांवरून १७.९ टक्क्यांवर गेलं. आणि त्या काळातला खर्च ७० हजार कोटींचा धरला गेला."

"७० हजार कोटीला शून्य किती?"

"सातावर अकरा."

"अग्गं बाई! आन् पानी पॉइंट एक?"

"पॉइंट एक. त्याच वर्षी विजय पांढरे नावाच्या मुख्य अभियंत्यानं मुख्यमंत्र्यांना आणि राज्यपालांना पत्र लिहिलं. नोकरीत असताना, स्वतःच्या सहीनं. मी उभा जन्म त्या खात्यात काढलाय वहिनी, मुख्य अभियंता असं लिहितो म्हणजे काय, ते मला ठाऊक आहे. ते पत्र पेपरांत आलं आणि सप्टेंबर २०१२ मध्ये उपमुख्यमंत्री अजित पवारांनी राजीनामा दिला. १९९९ पासून दहा वर्षं जलसंपदा खातं त्यांच्याकडं होतं."

"आन् डिसेंबरात परत आले. ते मला बी ठावं हाय."

"आले. त्याआधी सरकारनं श्वेतपत्रिका काढली आणि सिंचन पुष्कळ वाढल्याचा दावा केला. मग माधव चितळ्यांची समिती नेमली, तिचा अहवाल २०१४ ला आला. लाचलुचपतवाल्यांनी २०१८ साली हायकोर्टात सांगितलं की मंत्री म्हणून अजित पवारांवर जबाबदारी येते, आणि २०१९ साली त्याच कोर्टात सांगितलं की फौजदारी जबाबदारी येत नाही."

"कागद तेच?"

"कागद तेच, खातं तेच. सरकार बदललं होतं."

वहिनींनी पदरानं कपाळ पुसलं. "मग तात्या, त्या पेपरवाल्यानं आन् त्या साहेबानं जीव कशापायी जाळला?"

"जीव जाळण्यावर भागलं तर नशीब. छत्तीसगडच्या बिजापूरला मुकेश चंद्राकर नावाचा तरुण पत्रकार होता. रस्त्याच्या कामातला गोंधळ त्यानं दाखवला. जानेवारी २०२५ मध्ये त्याचं प्रेत गुत्तेदाराच्या जागेतल्या सेप्टिक टाकीत सापडलं. गुत्तेदार त्याच्याच नात्यातला. त्याला पोलिसांनी अटक केली."

"रस्त्यापायी जीव घेत्यात?"

"रस्त्यापायी नाही, बिलापायी. दिल्ली-मुंबईच्या पत्रकारामागं वकील असतो, मालक असतो. तालुक्याच्या बातमीदारामागं कोण? त्याला पगार नावाला, वर जाहिराती आणायचं काम. वाढदिवसाची पानभर जाहिरात देतो कोण? तोच गुत्तेदार. आज ज्याचा फोटो छापला, त्याच्या रस्त्यातली खडी उद्या मोजायची म्हणजे पोटावर पाय."

"म्हनून आमच्याकडच्या बातम्यांत भूमिपूजनच लई असतंय."

"अगदी! नारळ फुटल्याची बातमी येते, रस्ता फुटल्याची येत नाही."

"मग आमच्यासारख्यानं करावं काय? अंतुले, पांढरे ही मोठी मानसं. माझ्या भावाच्या रस्त्याला कोन शौरी येनार?"

"कुणी येणार नाही. भावाला सांगा, दहा रुपयांचं कोर्ट फीचं तिकीट घे. अण्णा हजाऱ्यांच्या आंदोलनांतून आधी राज्यात माहितीचा कायदा आला आणि १२ ऑक्टोबर २००५ पासून केंद्राचा माहिती अधिकार कायदा लागू झाला. मुंबईच्या पेपरवाल्याला जो कागद चोरून मिळवावा लागायचा, तो आता अर्ज करून मागता येतो. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. एका पानाला दोन रुपये. दारिद्र्यरेषेखालचा असेल तर फुकट."

"पर मागायचं काय? 'भ्रष्टाचार झाला का' म्हनून इचारलं तर 'न्हाई' म्हनून लिवून देतील."

"तसं विचारूच नये. कागदाचं नाव घेऊन मागायचं. अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, दिलेल्या बिलांच्या प्रती आणि एम.बी., म्हणजे मोजमाप पुस्तक. सगळी गंमत एम.बी.त असते. किती खडी पडली, किती डांबर पडलं, किती जाडीचा थर दिला, हे तिथं मोजून लिहिलेलं असतं. कुणी मोजलं त्याची सही असते. आणि ह्या कायद्यात कामाची पाहणी करायचा आणि मालाचा प्रमाणित नमुना घ्यायचाही हक्क आहे."

"म्हंजे रस्त्याचा तुकडा मागता येतो?"

"रीतसर, पावती घेऊन. आणि अर्ज एकट्याच्या नावानं करू नका म्हणावं. पाच-सहा जणांनी एकाच कामाचे वेगवेगळे अर्ज टाकायचे. एकाला दमदाटी करता येते, अख्ख्या आळीला नाही."

वहिनी थोड्या थांबून म्हणाल्या, "तुमी नोकरीत असताना हे का न्हाई सांगितलं?"

"तेव्हा माझ्याकडं कुणी मागितलंच नाही. मागितलं असतं तर द्यावंच लागलं असतं. फाइल बोलत नाही वहिनी, मागणाऱ्याची वाट बघत बसते."

"आता बघा, भाऊ सोमवारीच टाकतोय अर्ज. आन् मिळालेला कागद मी घेऊन येनार तुमच्याकडं."

हे ऐकून मला तरी एक पटलं. पेपरानं मंत्र्यांच्या खुर्च्या हलवल्या, पण गावातली खडी मोजायला पेपर येणार नाही. तेव्हा आपापल्या रस्त्याच्या कामावर लावलेला फलक वाचा, त्यावरची रक्कम आणि दुरुस्तीच्या जबाबदारीची मुदत उतरवून घ्या, आणि दहा रुपयांच्या तिकिटावर एम.बी. मागा. तिच्यात लिहिलेला थर रस्त्यावर सापडला नाही, तर बातमी तुमच्याच हातात आहे.