खिशातलं वाचनालय

मे महिन्यात अकोल्यात पारा पंचेचाळिशीला टेकला, की माणसाला दुर्बुद्धी सुचते. मला ई-रीडर घ्यायची सुचली. म्हणे, भर उन्हातही स्वच्छ दिसतं. अकोल्यात मेच्या उन्हात वाचत बसणार कोण, हे पैसे भरल्यावर लक्षात आलं. तरी नेहरू पार्कात सकाळच्या मंडळींपुढे मिरवलोच, "अख्खं बाबूजी देशमुख वाचनालय खिशात मावते आता!"

पहिला मान 'लीळाचरित्रा'चा. महानुभावांचा हा ग्रंथ म्हाइंभटांनी लिहिला रिद्धपुरात, म्हणजे घरचाच. पण पीडीएफ निघाली स्कॅनची. सहा इंची पडद्यावर अक्षरं खसखशीएवढी. मोठी केली तर ओळ पडद्याबाहेर. अर्धी वाचायची, बोटानं सरकवायची, उरलेली सापडेस्तोवर आधीची विसरायची. दाराच्या फटीतून राजराजेश्वराची कावड पाहावी तसं. कधी कुणाचा खांदा दिसतो, कधी गुलाल. पालखी नाहीच.

शेजारच्या पोराला बोलावलं.

"काका, हे नाई व्हत मोठं."

"काहून?"

"आतमधी अक्षरंच नाईत ना! सारे फोटू हायेत. ई-पब पाह्यजे."

ई-पबातला मजकूर पडद्याच्या मापानं स्वतःला घडी घालून घेतो, हे ज्ञान झालं. मग 2003 साली कृतीदेव फाँटात टाइप केलेल्या माझ्याच कविता पुढे केल्या. कृतीदेव म्हणजे इंग्रजी अक्षरांनी घेतलेलं मराठीचं सोंग. ई-रीडरनं ते उतरवलं आणि 'मराठी'च्या जागी 'ई जे के बी एच' उभं! पोरानं कुठल्याशा कन्व्हर्टरातून मराठी परत आणली, पण कृतीदेवात पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप करतात, युनिकोडात नंतर. हे त्या कन्व्हर्टराच्या गावी नव्हतं. 'कविता'ची 'किवता' झाली, 'वहिनी'ची 'विहनी'. खरं सांगू? काही ओळी सुधारल्यासारख्या वाटल्या.

दुसऱ्या दिवशी पार्कात, "दाखवा न भाऊ तुमचं वाचनालय!" काय करता, उघडलं. एका निवृत्त गुरुजींनी चष्मा पुसून दोनदा वाचलं आणि आवाज खाली आणून विचारलं,

"महानुभावांची सकळ लिपी काय हो ही? अक्षरांची अदलाबदल करून पोथ्या लपवत होते ते?"

नाही म्हणायला तोंड उघडलं होतं. पण मान आधीच डोलली.

येत्या रविवारी सकळ लिपीवर माझं व्याख्यान ठेवलंय. नमुना म्हणून त्या पानाच्या पन्नास झेरॉक्स वाटणार आहेत. माझी कविता एवढ्या लोकांच्या हाती पहिल्यांदाच पडतेय.