किन्शासा ते ब्राझाव्हिल : विमानप्रवासाचा पहिला धडा

आधी नकाशात काँगो नदी शोधा. तिच्या दक्षिण काठावर किन्शासा, समोर उत्तर काठावर ब्राझाव्हिल. दोन्ही राजधान्या, दोन्ही देशांच्या नावात काँगो, दोन्हीकडे फ्रेंच आणि लिंगाला चालते, घड्याळही एकच. पलीकडच्या इमारती इथून दिसत असताना विमान कशाला, असा प्रश्न नवशिक्याला पडतो. तो पडू देऊ नये, नाहीतर धडा पुढे सरकत नाही.

आता अंतर. किन्शासाचा न्जिली विमानतळ आणि ब्राझाव्हिलचा माया-माया यांच्यात सरळ रेषेत सुमारे २६ किलोमीटर भरतात. ताशी ८०० किलोमीटरने भागा. दोन मिनिटं! हे उत्तर वहीत लिहा आणि लगेच खोडा. तो वेग विमानाला दहा किलोमीटर उंचीवर गेल्यावर मिळतो. इथे तेवढं चढायला जागाच नाही. चाकं आत घ्यावीत तर बाहेर काढायची वेळ झालेली, वर समोरच्या धावपट्टीच्या रेषेत येण्यासाठी वळसा. शिवाय न्जिली शहरापासून वीस-पंचवीस किलोमीटर लांब, आणि तेही उलट्या दिशेला. म्हणजे ब्राझाव्हिलला जायचं तर आधी ब्राझाव्हिलकडे पाठ फिरवून किन्शासाच्या वाहतूक कोंडीत बसायचं. मग आंतरराष्ट्रीय प्रवास म्हणून तीन तास आधी हजेरी.

हुशार विद्यार्थ्यांसाठी जास्तीचं उदाहरण : त्या दिवशी थेट विमान नसेल, तर आदिस अबाबामार्गे जा. जाताना सुमारे ३००० किलोमीटर, येताना तेवढेच. तिथे घड्याळ दोन तास पुढे, परतताना दोन तास मागे. वेळेचा हिशेब चोख जुळतो, दिवस मात्र जातो.

पूल? नाही. योजना आहे, बरीच वर्षं आहे.

ही गंमत घडवली कोणी, हेही शिकून घ्या. या शहरांच्या खालच्या अंगाला लिव्हिंगस्टन धबधब्यांची रांग आहे. समुद्राकडून येणारं जहाज वर चढत नाही. त्यामुळे वरच्या शांत पाण्यावर ज्याची वखार, त्याच्या हाती आतला सगळा जलमार्ग. १८८० मध्ये शोधप्रवासी ब्राझाने फ्रान्ससाठी उत्तर काठाचा करार मिळवला, १८८१ मध्ये दुसरा शोधप्रवासी स्टॅन्ले याने बेल्जियमच्या राजासाठी समोर ठाणं मांडलं. धबधबा टाळायला रेल्वेही दोन झाल्या : बेल्जियन बाजूची १८९८ मध्ये, फ्रेंच बाजूची १९३४ मध्ये. एकाच अडथळ्यावर दोनदा खर्च करणाऱ्यांनी मधे पूल बांधला नाही, यात नवल ते काय!

होडीचा पर्याय या धड्यात खरं तर बसत नाही, पण परीक्षेत विचारतात. किन्शासाच्या बीच न्गोबिला धक्क्यावरून वेगवान होडी दहा-पंधरा मिनिटांत पार करते. धक्क्यावरचे शिक्के, रांगा आणि सामानाची उलथापालथ याला किती वेळ लागेल, ते कुठलंही कोष्टक सांगत नाही. नदी ही सीमा आहे. अंतर किलोमीटरमध्ये मोजणारे तिथेच फसतात.

तेव्हा होडीनेच जा, आणि सकाळी जा. पण निघण्याआधी पलीकडचा व्हिसा आणि पिवळ्या तापाच्या लशीचा दाखला खिशात आहे ना, ते बघा.