छोटंसंच काम आहे

आमच्या कंपनीत मोठं काम कुणाकडेच नसतं. विक्री विभागाला फक्त एक पान हवं असतं. एचआरला एक बटण. लेखा विभागाला एक ओळ बदलायची असते, आणि मोठ्या साहेबांचं म्हणणं तर एवढंच असतं की, "काही नाही हो, साईट जरा फ्रेश दिसली पाहिजे." ही सगळी छोटी छोटी कामं ज्या टेबलावर येऊन पडतात ते टेबल माझं. धरमपेठेत, लक्ष्मीभुवन चौकापासून हाकेच्या अंतरावर, एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर. खाली कपड्यांचं दुकान, वर शिकवणी वर्ग आणि मधे आम्ही, 'डिजिटल टीम'. एक डिझायनर, दोन डेव्हलपर, मजकूर लिहिणारी एक मुलगी आणि मी. मला डिझाइन येत नाही, कोडही येत नाही. कोणी काय मागितलं, ते कधी द्यायचं आणि कधी कधी का द्यायचंच नाही, हे ठरवणं ही माझी नोकरी. आईला ती अजून नीटशी कळलेली नाही. "कम्प्युटरमध्ये आहे तो," असं ती शेजारी सांगते आणि विषय मिटवते.

मागणी कुठून येईल याचा नेम नसतो. ईमेलवर येते ती त्यातल्या त्यात सभ्य. व्हॉट्सअ‍ॅपवर येते ती रात्री, सोबत भलत्याच कंपनीच्या साईटचा स्क्रीनशॉट आणि खाली दोनच शब्द, "असं काहीतरी." जिन्यात येते, लग्नाच्या पंगतीत येते. गोकुळपेठेच्या बाजारात सर्व्हिस विभागाचे काका मेथीची जुडी हातात धरून म्हणाले होते, "भाऊ, तो तक्रारीचा फॉर्म मोबाइलवर उघडूनच नाही राहिला. पाहून घ्या ना जरा." तक्रार खरी होती. त्या आठवड्यातल्या सगळ्या कामांत तीच महत्त्वाची होती. पण मेथीच्या जुडीसोबत सांगितलेलं काम मेथीसोबतच घरी जातं आणि निवडून होईस्तोवर विसरलं जातं.

यावरचा इलाज नागपूरला नवा नाही. 1956 पर्यंत हे शहर राजधानी होतं; आधी मध्य प्रांत-वऱ्हाडची आणि मग जुन्या मध्य प्रदेशाची. राजधानी भोपाळला गेली, सचिवालयाच्या सवयी मात्र इथेच राहिल्या. धरमपेठेत ज्या बंगल्यांवर अजून बिल्डरची नजर पडलेली नाही, त्यांच्या व्हरांड्यात एखादे निवृत्त आजोबा बसलेले असतात. "अर्ज देऊन आलो" असं त्यांना सांगून पाहा. पहिला प्रश्न येईल, "आवक नंबर घेतला का?" नंबर पडला नाही तोवर कागद जन्मालाच आलेला नाही, ही त्यांची श्रद्धा. जगभरच्या डिजिटल टीमनी याच श्रद्धेला 'तिकीट' असं नाव दिलं आणि ते विकायला सॉफ्टवेअर काढलं. आम्ही वापरतो ते 'जिरा'. हे नाव 'गोजिरा'वरून आलं, म्हणजे जपानी लोक गॉडझिलाला जे म्हणतात त्यावरून. आमच्या लेखा विभागाला ही वंशावळ ठाऊक नसल्यामुळे पहिलं बिल 'किराणा?' असा शेरा मारून परत आलं होतं. सकाळी ते उघडलं की समोर जे उभं असतं, त्यावरून मला मात्र जपानी अर्थच बरोबर वाटतो.

तर आम्हीही आवक सुरू केली. एक फॉर्म केला, त्यात पाच प्रश्न. कोणतं पान? काय बदलायचं? कोणासाठी? कधीपर्यंत? आणि अंतिम होकार कोणाचा? शाळेच्या पोराला जमेल असा पेपर. आलेली उत्तरं अशी. कोणतं पान: साईट. काय बदलायचं: तुम्हाला माहीतच आहे. कोणासाठी: सर्वांसाठी. कधीपर्यंत या रकान्यात कॅलेंडर होतं, तर लोकांनी त्यात कालची तारीख निवडली. अंतिम होकार: साहेब. आमच्याकडे साहेब पाच आहेत. एका साहेबांनी "झकास" म्हटलेला बॅनर सकाळी साईटवर चढतो आणि दुपारी दुसऱ्या साहेबांचा फोन येतो, "हे मला कोणी दाखवलंच नाही." त्यामुळे पाचवा प्रश्न आम्ही सक्तीचा केला आणि 'साहेब' हा शब्द लिहिला तर फॉर्म पुढेच सरकत नाही, अशी सोय डेव्हलपरने करून दिली. त्या दिवशी त्याला चहा आम्ही पाजला.

खरी गंमत तिसऱ्या प्रश्नाची. विक्री विभागाला डीलर मेळाव्याच्या फोटोंसाठी वेगळं पान हवं होतं, हलत्या चित्रांसकट. कोणासाठी? डीलर लोकांसाठी. डीलर लोक फोटो कुठे पाहतात? व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर. मग तिथे टाकले का? "केव्हाचेच!" मागणी तिथल्या तिथे मागे घेतली गेली. एचआरच्या मॅडमना 'आमच्यात सामील व्हा' हे बटण मोठं हवं होतं, कारण अर्जच येत नव्हते. कोणासाठी, असं विचारत विचारत पुढे गेलो तेव्हा कळलं की अर्ज करणारी मुलं यवतमाळ-वर्ध्याकडून मोबाइलवर अर्ज भरतात. बटण त्यांना दिसत होतं, दाबतही होती. पुढे पीडीएफ जोडा म्हटलं की ती अडत होती, कारण बायोडाटा म्हणजे त्यांच्याकडे कागदाचा फोटो. बटण होतं तेवढंच ठेवलं, फोटो चालतील असं केलं आणि अर्ज येऊ लागले. माणूस मागणी घेऊन येतो तेव्हा उत्तर घेऊन येतो आणि प्रश्न घरी ठेवून येतो. त्याला परत घरी पाठवून प्रश्न आणायला लावणं, हे या नोकरीतलं जवळजवळ सगळं काम आहे. ते गोड बोलून करावं लागतं, कारण त्याच माणसाच्या सहीने आपल्या रजा मंजूर होतात.

अस्पष्ट मागणीचा मी शत्रू आहे, असं मात्र समजू नका. ज्या जाळ्यावर आमची रोजीरोटी चालते ते एका मागणीपत्रातूनच निघालं. 1989 च्या मार्चमध्ये टिम बर्नर्स-ली याने जिनिव्हाजवळच्या 'सर्न' संस्थेत एक प्रस्ताव दिला. माणसं येतात, जातात आणि त्यांच्यासोबत माहितीही जाते, तेव्हा ती जोडून ठेवणारी काही व्यवस्था करावी, असा त्याचा आशय. त्याचे साहेब माइक सेंडल यांनी वर शेरा मारला, अस्पष्ट आहे, पण उत्साह वाटावा असं आहे. त्यांनी प्रस्ताव फाडला नाही, पुढे काम करू दिलं, आणि 1991 मध्ये पहिली वेबसाईट जगासाठी खुली झाली. आमच्याकडच्या शेऱ्यांत पहिला अर्धा भाग बरोबर येतो. पण बर्नर्स-लीची मूळ तक्रार आम्हाला लागू पडते ती पडतेच. आमच्या साईटवर एका जुन्या दिवाळीची 'मर्यादित काळासाठी' ऑफर कितीतरी वर्षं अमर्याद चालू होती. ते पान कोणी मागितलं होतं, कोणालाच सांगता येईना. मागणारा नोकरी सोडून पुण्याला गेला होता. नोंद असती तर ऑफर संपली असती.

आता प्राधान्य. फॉर्मात 'तातडीचं', 'नेहमीचं' आणि 'सवडीने' असे तीन पर्याय ठेवले होते. शेवटचे दोन कोणी निवडलेच नाहीत; सवडीचं काम आपल्याकडे आहे हे कबूल करायला कोण तयार होईल? इथे मदतीला आलं हिवाळी अधिवेशन. दर डिसेंबरात विधानभवनावर मोर्चे निघतात आणि अर्धं नागपूर रस्ते बदलत ऑफिसला पोचतं. पण मोर्चाची शिस्त पाहण्यासारखी असते. मोर्चा ठरलेल्या ठिकाणी अडवला जातो, तिथे घोषणा होतात, भाषणं होतात आणि शेवटी चारपाच जणांचं शिष्टमंडळ निवेदन घेऊन आत जातं. आम्ही तेच उचललं. मंगळवारी बैठक, प्रत्येक विभागाचा एकच प्रतिनिधी, आणि त्याने आपल्या मागण्यांतली पहिली कोणती ते स्वतः सांगायचं. पहिली ठरवायची म्हटल्यावर विभागातच भांडणं लागतात आणि आमच्यापर्यंत निम्मीच तातडी पोचते. बाहेर पडताना प्रत्येक जण विचारतो, "मग होऊन जाईल ना?" निवेदन स्वीकारलं म्हणजे मागणी मान्य झाली असं नसतं, हे नागपूरकराला खरं तर नव्याने सांगावं लागू नये.

या बैठकीत सर्वात जास्त वेळ कशावर गेला असेल? पैसे भरण्याची नवी यंत्रणा बसवायची होती. लाखांचा व्यवहार, बँकेचे करार. तो विषय चहा येण्याआधी मंजूर झाला. मग 'ऑर्डर करा' या बटणाचा रंग निघाला. नॉर्थकोट पार्किन्सनने 1957 मध्येच सांगून ठेवलं आहे की समिती अणुभट्टी चटकन मंजूर करते आणि सायकल-स्टँडच्या छपरावर बराच वेळ घालवते, कारण छप्पर सगळ्यांना कळतं. रंगही सगळ्यांना कळतो. त्यातून डिझायनरने लिहिलं होतं 'संत्रा रंग'. नागपुरात! "कोणतं संत्रं पण?" विक्रीचे साहेब म्हणाले. त्यांची काटोलला बाग आहे. "आंबियाचं की मृगाचं?" लेखा विभागाचं म्हणणं पडलं की पिकलेलं नागपुरी संत्रंसुद्धा वरून हिरवट-पिवळंच असतं, हा रंग संत्र्याचा नसून संत्रा बर्फीच्या डब्याचा आहे. एचआरच्या मॅडमना तो भगव्याकडे झुकलेला वाटला आणि त्यावर दोन मिनिटं कोणीच काही बोललं नाही. सगळ्यांनी आपापले मोबाइल शेजारी शेजारी ठेवले, तर रंग एक आणि संत्री सात प्रकारची. डिझायनर तोवर शांतपणे डबा उघडून जेवत होता. बैठक संपल्यावर त्याने बटण आधी होतं तसंच ठेवलं. पुढच्या मंगळवारी सगळ्यांनी नव्या रंगाची तारीफ केली.

मजकुराची कथा वेगळी. गावोगावचे डीलर मजकूर जुन्या मराठी फॉन्टात टाइप करून पाठवतात. त्यांच्या पडद्यावर तो सुंदर मराठी असतो. आम्ही उचलून साईटवर ठेवला की त्या जागी रोमन अक्षरं, टिंबं आणि डॉलरची चिन्हं यांचा चिवडा होतो, कारण त्या फॉन्टात इंग्रजी अक्षरांनाच मराठी कपडे चढवलेले असतात. युनिकोडची पहिली आवृत्ती 1991 ची, त्यात देवनागरी पहिल्यापासून आहे. पण टायपिंगच्या दुकानात बोटांना वळण लागलं ते लागलं. फोन करून सांगावं तर उत्तर येतं, "आमच्याकडे तर बरोबर दिसून राहिलं."

आणि याच मजकुरावरून आमच्या आवक वहीतली सर्वात चांगली मागणी आली. ती कोणत्याच विभागाची नव्हती. रामदासपेठेतल्या एका निवृत्त शिक्षिकाबाईंचं साधं पोस्टाने आलेलं पत्र. त्यांनी लिहिलं होतं की तुमच्या 'संपर्क' पानावर 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे दिसतात. राज्य सरकारने 2009 च्या शासननिर्णयात मराठी वळण ठरवून दिलं आहे. नातीला मोबाइलवर मराठी वाचायला शिकवते, ती गोंधळते. शाळा सुरू होण्याआधी दुरुस्त झालं तर बरं. खाली सही आणि पूर्ण नाव. कोणतं पान, काय बदलायचं, कोणासाठी, कधीपर्यंत आणि जबाबदार कोण, पाचही उत्तरं बाईंनी फॉर्म न पाहता दिली होती. डेव्हलपरने पाहिलं तर पानाची भाषा मराठी आहे, अशी खूण आतल्या कोडमध्ये दिलेलीच नव्हती. ती खूण असली आणि फॉन्टमध्ये सोय असली की ब्राउझर आपणहून मराठी 'ल' दाखवतो. खूण म्हणजे रोमन लिपीतली दोन अक्षरं. चहा थंड होण्याआधी काम झालं. माझ्या टेबलावर आलेलं, खरोखर छोटं असलेलं ते एकमेव काम, आणि बाईंनी पत्रात ते छोटं आहे असं कुठेच म्हटलं नव्हतं.

तेव्हा धरमपेठेतल्या आणि धरमपेठेबाहेरच्याही सर्व विभागांना नम्र विनंती. मजकूर युनिकोडमध्ये पाठवा. होकार देणाऱ्या साहेबांचं नाव लिहा. आणि 'कधीपर्यंत'च्या रकान्यात कालची तारीख आता निवडता येत नाही. डेव्हलपरने ती सोय गेल्याच महिन्यात बंद केली आहे.