हळदीत हार्डकोर

नगर जिल्ह्यात राहून हार्डकोर पंक आणि इलेक्ट्रॉनिक संगीताचं वेड बाळगणं म्हणजे दुष्काळी पट्ट्यात पोहण्याचा क्लास काढण्यासारखं आहे. उत्साह दांडगा, विद्यार्थी शून्य. तरी मी क्लास चालूच ठेवलाय. सावेडीतल्या आमच्या घरी कुणी आलं की पाण्याचा तांब्या ठेवायच्या आत मी अल्बम लावतो. पाहुणे आधी स्पीकरकडे बघतात, मग माझ्याकडे, मग घड्याळाकडे.

एकदा तर शेजारचे काका सरळ वायरमनलाच घेऊन आले. मी अभिमानानं सांगितलं, "बिघाड नाही हो, हा डिस्चार्ज आहे. इंग्लंडचा बँड, 1982 चा अल्बम."

"तेच म्हणतोय मी," वायरमन म्हणाला, "डिस्चार्जच होतंय. अर्थिंग बघावं लागंल."

इलेक्ट्रॉनिककडे वळलो तर तिथंही नशीब तेच. जर्मनीच्या क्राफ्टवर्कनं 1974 साली 'आउटोबान' केलं. गुळगुळीत हमरस्त्यावरून मोटार निवांत पळतेय, असा 22 मिनिटांहून मोठा थाट. रस्त्याचं गाणं रस्त्यावरच ऐकावं म्हणून मी ते मेव्हण्याच्या गाडीत, नगर-मनमाड रस्त्यावर लावलं. जर्मन यंत्राच्या तालात आमचे खड्डे अशा काही तिहाया घालत होते की सम कुठं ते कळेना. गाणं संपलं तेव्हा गाडी विळद घाटाच्या अलीकडंच होती. मेव्हणा म्हणाला, "दाजी, ज्यानं हे केलं त्याला एकदा राहुरीपर्यंत आणा. गाणं बदलंल."

खरं म्हणजे हे संगीत आपल्याकडं यायचं ते थोडक्यात हुकलं, असा माझा दावा असायचा. 1969 साली न्यूयॉर्कचे डेव्हिड ट्यूडर मूग सिंथेसायझर घेऊन अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत आले आणि तिथं स्टुडिओ उभा राहिला. 'अहमद'पर्यंत बरोबर आलं होतं, पुढं पाहुणे चुकले, असं मी चारचौघांत सांगायचो. 2024 मध्ये जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं आणि माझा हा एकमेव विनोदही गेला.

तर, त्याच मेव्हण्याच्या थोरल्या पोराची हळद होती, राहुरी तालुक्यात. मंडपाला लागून पिकअपवर डीजे लावलेला. ऐन रंगात जनरेटरचं डिझेल संपत आलं, म्हणून डीजेवाला पोरगा फाट्यावर निघाला. जाताना मोबाइलची वायर माझ्या हातात देऊन म्हणाला, "दाजी, नुसती गाणी लावा. मिक्सरला हात नका लावू."

जन्मात पहिल्यांदा मला चार बेस, चार टॉप आणि अख्खं गाव मिळालं होतं. मी मायनर थ्रेटचं 'स्ट्रेट एज' लावलं. नवरदेवाचे मित्र उड्या मारत पुढं आले, हात वर केले, तोवर गाणं खलास. पाऊण मिनिटाचं तर गाणं. पोरं हात वर धरून उभी. मग बॅड ब्रेन्स लावलं. या मंडळींचा 1982 चा पहिला अल्बम नुसत्या कॅसेटवर निघाला होता, हे मी माइकवरून सांगेपर्यंत तेही गाणं आटपलं. एक पोरगं जवळ येऊन अगदी काळजीनं म्हणालं, "दाजी, ह्या रिंगटोन हायेत का?"

नेवाशाकडचे एक माळकरी नाना खुर्ची ओढून शेजारी बसले. "काय म्हणतोय रं हा बाबा?"

मला तेवढंच हवं होतं. सांगितलं, "नाना, मघाचं 'स्ट्रेट एज' म्हणणारा हा इयन मकाय, वॉशिंग्टनचा. 1981 साली एकोणीस वर्षांचा असताना म्हणाला, मी दारूला शिवणार नाही, नशापाणी करणार नाही. तिकडं क्लबात लहान पोरांना दारू देऊ नये म्हणून हातावर फुली मारायचे. ह्याच्या मागच्या पोरांनी ती फुलीच मिरवायला सुरुवात केली."

नाना खूश. "म्हणजे माळकरीच की! माळेच्या जागी फुली." मग थोडा विचार करून म्हणाले, "पण एवढं चांगलं सांगायचं तर खेकसतो कशाला?" मंडपामागं अंधारात 'बसलेल्या' मंडळींपर्यंत मात्र मकायचा उपदेश पोचला नाही. तिकडून फक्त, "आवाज वाढव!" एवढंच आलं.

नानांनी पाठ थोपटली आणि माझी हिंमत वाढली. आता हुकमी पान काढायचं ठरवलं. मुंबईचे चरणजित सिंग, हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदातले वादक. त्यांनी रोलँडची टीबी-303 आणि टीआर-808 ही यंत्रं घेतली आणि 1982 साली एचएमव्हीसाठी डिस्को ठेक्यावर दहा रागांची रेकॉर्ड केली. कुणी फारशी घेतली नाही. पाच वर्षांनी, 1987 मध्ये, शिकागोच्या फ्यूचरनं त्याच टीबी-303 वर 'अ‍ॅसिड ट्रॅक्स' काढलं आणि जगानं त्याला अ‍ॅसिड हाउस म्हणून डोक्यावर घेतलं. चरणजितांची रेकॉर्ड 2010 मध्ये पुन्हा निघाली, तेव्हा लोकांचे डोळे उघडले. एवढी कथा माइकवरून सांगून मी रेकॉर्डचा पहिला राग लावला. पहिला राग भैरवी.

आमच्याकडं भजन असो की मैफल, भैरवी झाली की कार्यक्रम संपला. भजनी मंडळाचे पेटीवाले बुवा पुढच्या रांगेत होते. त्यांनी चार मात्रा ऐकल्या, मान डोलावली, टोपी सारखी केली आणि उठले. बुवा उठले म्हणून नाना उठले, नाना उठले म्हणून रांग उठली, आणि बघता बघता सगळा मंडप पंगतीत जाऊन मांडी घालून बसला. पत्रावळ्या मांडल्या गेल्या. पोरांनी पाणी वाढलं.

आचारी उलथनं घेऊन धावत आला. "कोणी बसवलं ह्यांना? आमटीला फोडणी नाही, भात आत्ता टाकलाय!"

उत्तर द्यायची गरजच नव्हती. मेव्हण्यानं माझ्या हातातल्या वायरकडं बघितलं. पुढं बराच वेळ पंगत नुसत्या मिठाकडं बघत बसली होती आणि मी बुंदी वाढत फिरत होतो, कारण तयार तेवढीच होती. तेवढ्यात डिझेल घेऊन आलेल्या पोरानं विचारलं, "दाजी, मिक्सरला हात लावला का?"

बुवांना मात्र राग आला नव्हता. बुंदी घेताना म्हणाले, "भैरवी चोख होती. तबलजी मेहनती आहे, पण गडी समेवर मान हलवत नाही." मी म्हटलं, तो तबलजी नाही बुवा, यंत्र आहे, रोलँड कंपनीचं. त्यावर डीजेवाला म्हणाला, "मंग आपल्या बेंजोवाल्याचा ऑक्टापॅड रोलँडचाच हाय की!" बरोबर होतं. तो ऑक्टापॅड 1985 पासूनचा. जे नातं मी पुस्तकी कथा करून माइकवरून सांगत होतो, ते त्या पोराला आधीच ठाऊक होतं.

चरणजित सिंग 2015 मध्ये गेले. त्यांच्या रेकॉर्डला परदेशात शोधक, समीक्षक, सगळे मिळाले. पण ती ऐकून शिस्तीत पंगतीला बसणारा श्रोता राहुरी तालुक्यानंच दिला, असं माझं मत आहे. तुम्हीही ती जरूर ऐकवा, अगदी कार्यातसुद्धा. फक्त दुसऱ्या बाजूच्या यमनपासून सुरुवात करा, आणि भैरवी लावायच्या आधी आचाऱ्याला विचारून घ्या.